गाडी उचलली, ओझं तेवढंच

आपाचा मुलगा ह्यूस्टनला असतो. मागच्या महिन्यात त्याने एक जुनी पिकअप घेतली. १९६९ सालची शेव्हर्ले सी-१०, लांब हौद्याची, आकाशी रंगाची. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. तिच्यामागे राहायची ट्रॉली लावून बायको-पोरांना फिरवायचं, असा त्याचा बेत आहे. सामान भरल्यावर ही ट्रॉली साधारण १८०० किलोची होते. एकदा जोडून पाहिली, तर पिकअपचं मागचं अंग बसलं आणि तोंड वर झालं. त्यावर त्याने इलाजही शोधून ठेवला होता. मागच्या दोन्ही स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या टाकायच्या.

"मामू, पीछे दो एअर बॅग डाल्या, हवा मारी, गाडी एकदम सीधी. अब कितना भी खींचो."

उचललेल्या गाडीचा फोटो त्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. माशाअल्लाहचा पाऊस पडला. कुणीतरी लिहिलं, "आखिर नाना का खून है." नाना म्हणजे माझे अब्बा. कराडला हायवेलगत ३० वर्षं त्यांचं कमान-पाट्याचं काम होतं. बसलेल्या गाड्या उचलण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

मी एकट्यानेच लिहिलं, "गाडी कालपर्यंत जेवढं ओढू शकत होती, तेवढंच आजही ओढू शकते. पोरांना बसवून ट्रॉली लावू नकोस." ग्रुपवर पाच मिनिटं शांतता. मग एका भावाचं उत्तर आलं, "मास्तर को हर चीज में गलती दिखती."

दिसते. चुका दाखवण्याचाच मला पगार मिळतो. पण ही चूक माझ्या भाच्याची एकट्याची नाही. आपल्या घराघरांत, गॅरेजा-गॅरेजांत ती कौतुकाने जपलेली आहे. म्हणून ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

आधी हवेच्या बाजूने जे खरं आहे ते मांडतो, म्हणजे मी नव्या गोष्टींचा दुश्मन आहे असा आरोप नको. हवेवर गाडी तोलणं ही काही फसवणूक नाही. दादर-पुणे शिवनेरीच्या व्होल्वोत बसलेल्या प्रत्येकाने हवेचं सस्पेन्शन अनुभवलं आहे. अमेरिकेत १९५४ साली ग्रेहाउंडची सीनिक्रूझर नावाची मोठी बस हवेच्या सस्पेन्शनवर रस्त्यावर आली. आज लांब पल्ल्याच्या कितीतरी ट्रक-ट्रेलरांना तेच असतं. तंत्र जुनं आहे आणि चांगलं आहे.

माझ्या भाच्याने बसवलं ते मात्र या जातीचं नाही. सी-१० च्या मागे आपल्या पिकअपसारखे पाटे नसतात, गुंडाळी स्प्रिंग असते. त्या स्प्रिंगच्या पोटात रबरासारख्या मालाची एक लांबट पिशवी सरकवतात आणि तिच्यात व्हॉल्व्हमधून हवा भरतात. मूळ स्प्रिंग तशीच राहते, पिशवी तिला टेकू देते. फोर्डच्या जुन्या एफ-१०० सारख्या पाट्यांच्या गाडीत हीच पिशवी पाटे आणि चेसी यांच्या मध्ये बसवतात. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर हा हेल्पर पाटा आहे, फक्त लोखंडाऐवजी हवेचा.

त्याचे फायदे खरे आहेत. मागचं अंग बसलं की हेडलाइट आभाळाकडे बघतात, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. ते सुधारतं. खड्ड्यात एक्सल रबरी ठोकळ्यावर आदळायचं थांबतं. ट्रॉली नसेल तेव्हा हवा कमी करता येते, ही सोय लोखंडी पाट्यात नाही. तेव्हा पिशवी फेकून दे असं मी म्हणत नाही. माझं भांडण त्याच्या दुसऱ्या वाक्याशी आहे. "अब कितना भी खींचो." हे वाक्य खोटं आहे, आणि खोटं आहे हे पिशव्या विकणारेच सांगतात. एअर लिफ्ट असो की फायरस्टोन, या पिशव्या बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात लिहितात की आमच्या मालाने गाडीची ठरवून दिलेली वजनमर्यादा वाढत नाही. जाहिरातीतला उचललेला फोटो सगळे बघतात, ही ओळ कुणी वाचत नाही.

का वाढत नाही? गणित मांडतो, सातवीच्या पोराला समजेल असं.

दोन चाकांमधल्या एक्सलवर मागे ओढायची ट्रॉली असली की तिच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढच्या गाडीच्या आकड्यावर यावं लागतं. त्याहून कमी आलं तर ट्रॉली हायवेवर सापासारखी वळवळते. १८०० किलोच्या ट्रॉलीचं हे वजन १८० ते २७० किलो होतं. आपण २०० धरू. आता हा आकडा मागच्या एक्सलच्या वर नसतो, त्याच्या मागे असतो, समजा १२० सेंटिमीटर. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर भाच्याच्या गाडीत १२७ इंच, म्हणजे ३२३ सेंटिमीटर. बागेतला सी-सॉ आठवा. मागच्या टोकाला माणूस बसला की पुढचं टोक उचलतं. २०० गुणिले १२०, भागिले ३२३. उत्तर ७४. म्हणजे पुढच्या चाकांवरून ७४ किलो उचलले गेले आणि मागच्या चाकांवर २०० नव्हे, २७४ किलो चढले. हौद्यातलं सामान, गॅसची टाकी, पोरांच्या सायकली अजून मोजलेल्याच नाहीत.

आता पिशव्यांत हवा भरा. गाडी सरळ झाली. पुढच्या चाकांवर ते ७४ किलो परत आले का? नाही. पिशवी बसते एक्सलपाशी. ती मागून वर ढकलते, पुढे दाबत नाही. आकड्यावरचं वजन तेच, अंतर तेच, म्हणून उत्तरही तेच. स्टिअरिंग फिरवणारी चाकं, ब्रेक मारल्यावर सगळ्यात जास्त काम करणारी चाकं अजूनही हलकीच आहेत. फरक इतकाच की आधी ते डोळ्यांना दिसत होतं, आता दिसत नाही.

पुढच्या चाकांवर वजन परत आणायचा खरा मार्ग वेगळा आहे. अमेरिकेत वजन वाटून देणारा आकडा मिळतो. त्याला स्प्रिंगच्या दोन दांड्या असतात. त्या ताणून ट्रॉलीच्या दांडीला साखळीने अडकवल्या की वजनाचा काही भाग पुढच्या चाकांवर आणि काही ट्रॉलीच्या स्वतःच्या चाकांवर जातो. दिसायला ओबडधोबड आणि लावायला वेळखाऊ असल्यामुळे फोटोत तो शोभत नाही.

आणि हे झालं फक्त वजन कुठे पडतं याचं. वजन थांबवायचं कुणी?

१९६९ च्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. दोन वर्षांनी, १९७१ च्या मॉडेलपासून, कंपनीने पुढे डिस्क ब्रेक दिले. उतारावर ड्रम तापला की तो फुगतो, लायनरपासून लांब जातो. लायनरही तापून घसरट होतो. पायाखालचं पेडल खाली खाली जातं आणि गाडी थांबत नाही. सुमारे दोन टनांची गाडी थांबवायला लागणारी ताकद आणि मागे १८०० किलो जोडल्यावर लागणारी ताकद यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. पिशवीत तुम्ही कितीही हवा भरा, लायनर एक मिलिमीटरने रुंद होत नाही. टायरवर छापलेली मर्यादा वाढत नाही. मागच्या एक्सलचे बेअरिंग मोठे होत नाहीत. रेडिएटरमध्ये जास्त पाणी मावत नाही. पन्नास वर्षांत गंजलेली चेसी जवान होत नाही.

भाच्याला माझा एक साधा प्रश्न आहे. त्याच १९६९ साली त्याच कंपनीने सी-१० च्या शेजारी सी-२० आणि सी-३० या गाड्या का विकल्या? सी-१० म्हणजे अर्धा टन, सी-२० म्हणजे पाऊण टन, सी-३० म्हणजे एक टन, अशी ती ढोबळ विभागणी. सी-२० लाही मागे गुंडाळी स्प्रिंगच होती. सगळा खेळ स्प्रिंगचाच असता तर एकाच गाडीत जाड स्प्रिंग टाकून काम भागलं असतं. पण सी-२० ला एक्सल जाड दिलं, ब्रेक मोठे दिले, चाकाला ८ नट दिले. भाच्याने खाली वाकून आपल्या गाडीच्या चाकाचे नट मोजावेत. ६ भरतील. गाडी बनवणाऱ्याने जे सांगायचं ते तिथे सांगून ठेवलं आहे.

आता अब्बांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला इतका राग का येतो हे कळणार नाही.

मी दहावीत असेन. शाळा सुटली की दुकानात जायचो. यू-बोल्ट सोडवणं, पाट्यांना ग्रीस लावणं, सेंटर बोल्ट शोधून देणं ही माझी कामं. एके दिवशी एक ओळखीचे व्यापारी नवी पिकअप घेऊन आले. पाटणच्या बाजूचा माल भरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरवायचा, हा त्यांचा धंदा. पासिंगच्या दुप्पट माल भरला की गाडी बसते, पोलीस लांबूनच ओळखतात, ही त्यांची तक्रार होती. "मिस्त्री, दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवा." अब्बांनी वाढवले. काम असं केलं की दुप्पट माल भरूनही गाडी बैलासारखी ताठ उभी. व्यापाऱ्यांनी खूश होऊन मला १० रुपये दिले. त्या दहा रुपयांचं मी काय घेतलं ते मला अजून आठवतं.

चार-पाच महिन्यांनी तीच पिकअप कुंभार्ली उतरताना ब्रेक लागेनासे झाले म्हणून ड्रायव्हरने डोंगराच्या अंगाला घातली. दरीकडे घातली नाही, ही त्याची हुशारी. ड्रायव्हर वाचला. क्लीनर पोरगा डाव्या बाजूला बसला होता. माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी मोठा. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पंचनाम्यात ब्रेक निकामी असं आलं. पाट्यांचा उल्लेख कुठे नव्हता. अब्बांना कुणी काही विचारलं नाही, कुणी दोष दिला नाही. ते स्वतःहून दवाखान्यात जाऊन त्या पोराला भेटून आले. रात्री जेवताना अम्मीला एवढंच म्हणाले, "गाडी चिल्लातेय थी, मैं उसका मूं बांध दिया."

त्यानंतर त्यांनी पाटे वाढवायचं काम घेतलं नाही. तुटलेला पाटा बदलून द्यायचे, बसलेल्या पाट्याला पुन्हा बाक द्यायचे, पण कंपनीने दिले त्याहून एक पाटा जास्त घालायचा नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. तिथे वाढवून मिळत होते. पुढे माझ्या बीएडच्या फीला अम्मीच्या कानातलं गेलं, ते याच काळात. त्यामुळे "धंदा करायचा तर करावं लागतं" हे वाक्य मला ऐकवू नका. न केल्याची किंमत मी घरात बघितलेली आहे, आणि ती किंमत वाजवी होती असं माझं आजही मत आहे.

अब्बांच्या त्या एका वाक्यात सगळं आलं आहे. गाडीला बोलता येत नाही. जास्त ओझं झालं की ती मागून बसते. ती तिची तक्रार असते. भाच्याच्या सी-१० मध्ये वजन मोजणारं दुसरं काहीही नाही, ना सेन्सर, ना दिवा. बसलेलं मागचं अंग हा एकच इशारा आहे. आपण काय करतो? ओझं कमी करत नाही, इशारा बंद करतो. वर्गात पोरगं वारंवार पोट दुखतंय म्हणतं, तर त्याला दवाखान्यात न्यायचं की गप्प बस म्हणून दटावायचं?

काही गाड्यांत तर हे याहून घातक आहे. जुन्या टोयोटा हायलक्सच्या अनेक मॉडेलांत मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. या गाड्या आखातात गेलेल्या आपल्या कितीतरी भावांनी चालवल्या आहेत. मागचं अंग किती बसलं यावरून तो व्हॉल्व्ह वजनाचा अंदाज घेतो. गाडी बसलेली असेल तर मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो, गाडी उंच असेल तर रिकामी समजून कमी देतो, म्हणजे रिकामी गाडी ब्रेक मारल्यावर मागून घसरू नये. आता अशा गाडीला पाटे वाढवले किंवा पिशव्या टाकल्या आणि व्हॉल्व्ह नव्याने जुळवून घेतला नाही, तर काय होईल? गाडी ठासून भरलेली, पण उंच उभी. व्हॉल्व्ह म्हणतो रिकामी आहे. ज्या दिवशी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी मागचे ब्रेक अर्धवट.

उलट हवेच्या सस्पेन्शनवरच बनवलेल्या मोठ्या ट्रकमध्ये ब्रेकचा व्हॉल्व्ह फुग्यातल्या हवेच्या दाबावरूनच वजन ओळखतो. वजन वाढलं, दाब वाढला, ब्रेकला जोर वाढला. तिथे हवा ब्रेकला खरी बातमी देते. म्हणूनच मी वर म्हटलं की भाच्याने बसवलं ते त्या जातीचं नाही. "बसमध्ये चालतं, ट्रकमध्ये चालतं, मग माझ्या गाडीत का नाही" याचं उत्तर हे आहे.

आता आपल्या लोकांच्या हरकती. त्या मला पाठ आहेत.

पहिली: "आपल्या मिस्त्रीला इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं." या वाक्याने आपला समाज फार सुखावतो. पंक्चरपासून इंजिनापर्यंत रस्त्यावरचं निम्मं काम आपली माणसं करतात, त्यांच्या हातात विद्या आहे, यात शंका नाही. मी त्याच घरातला आहे. पण हाताची विद्या आणि मापाची विद्या या दोन गोष्टी आहेत. पाट्याला बाक किती द्यायचा हे अब्बांच्या हाताला कळायचं. ड्रम किती तापल्यावर लायनर सोडतो हे हाताला कळत नाही, ते मोजावं लागतं. मिस्त्रीचा मान राखायचा असेल तर त्याला वजनाचा काटा, कंपनीचं पुस्तक आणि ते वाचायची सवय द्या. "जुगाड" म्हणून पाठ थोपटणं हा मान नाही. ज्याला शिकू दिलं नाही त्याच्या न शिकण्याचं ते कौतुक आहे.

दुसरी: "इतक्या वर्षांत आमचं काही झालं नाही." त्या व्यापाऱ्यांचंही चार-पाच महिने काही झालं नव्हतं. सपाट रस्त्यावर, थंड ब्रेकवर, पुढे कुणी आडवं न येता काही होतच नाही. मर्यादा रोजच्या दिवसासाठी ठरवत नाहीत, वाईट दिवसासाठी ठरवतात.

तिसरी: "अमेरिकेत कायदे सैल आहेत, चालतं." तिथल्या बऱ्याच राज्यांत ३००० पाऊंडांच्या, म्हणजे साधारण १३६० किलोंच्या वरच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक लागतात. ते उगाच नाही. आणि आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जादा मालाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार दंड आहे. पण कायद्याच्या भीतीने बोलायचं तर मग पोलीस नसलेल्या रस्त्यावर काय? अब्बांना कोणत्याच कायद्याने धरलं नव्हतं.

चौथी हरकत खरी आहे, तिला टाळता येणार नाही. "भाडं इतकं कमी मिळतं की पासिंगएवढाच माल भरला तर डिझेल सुटत नाही." हे पिकअपवर पोट असलेल्या माणसाचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. माल व्यापाऱ्याचा, नफा व्यापाऱ्याचा, आणि जादा वजनाची जोखीम ड्रायव्हरच्या आणि क्लीनरच्या हाडांवर. वाढवलेला पाटा ही व्यवस्था टिकवून धरतो. गाडी बसली असती तर दुसरी खेप करावी लागली असती, दुसऱ्या खेपेचं भाडं द्यावं लागलं असतं. पाट्याने ते भाडं वाचवलं आणि क्लीनरच्या पायाने भरलं. भाच्याला तर ही सबबही नाही. त्याच्या घरची चूल त्या ट्रॉलीवर पेटत नाही. तो हौसेसाठी ओढणार आहे, आणि जोखीम उचलणार आहेत मागच्या सीटवर नसलेली, त्या एकाच लांब सीटवर दाटीने बसलेली त्याची दोन पोरं. समोरून येणारं एखादं अनोळखी कुटुंबही. त्यांना तर कुणी विचारलेलंच नाही.

मग करायचं काय? "नको" म्हणून हात झटकणारा मास्तर मला व्हायचं नाही, म्हणून क्रम लिहून देतो. भाच्याने छापून गॅरेजच्या भिंतीला लावावा.

सगळ्यात आधी काटा. अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर प्रत्येक एक्सलचं वेगळं वजन देणारे काटे असतात. ट्रॉलीशिवाय, मग ट्रॉली जोडून, सगळी माणसं-सामान घेऊन, दोनदा वजन कर. पुढच्या एक्सलवरून किती किलो गेले ते कागदावर बघ. गाडीच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघ. जास्त भरलं तर विषय तिथेच संपला. ट्रॉली लहान घे, किंवा ओढायला दुसरी गाडी घे.

बसत असेल तर मग ब्रेक. पुढे डिस्क बसवून घे, मागचे ड्रम उघडून बघ, ब्रेकच्या जुन्या नळ्या बदल. ट्रॉलीचे स्वतःचे ब्रेक आणि ते चालवणारी यंत्रणा जोडून घे. मग टायर, त्यांच्यावर छापलेली वजनमर्यादा आणि त्यांचं वय. मग चेसी, विशेषतः मागचे लांब हात जिथे चेसीच्या आडव्या तुळईला बोल्टने धरले आहेत ती जागा, ठोकून, खरवडून बघ. मग वजन वाटून देणारा आकडा, त्याच्या दांड्या काट्यावर तपासून लावलेल्या.

एवढं सगळं झाल्यावर, शेवटी, पिशव्या. त्याही नीट. दोन्ही पिशव्यांना हवेची वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह. एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्त कलते. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेव, उष्णतेने पिशवी जाते. गाडी रिकामी असली तरी कंपनीने सांगितलेली कमीत कमी हवा ठेव, नाहीतर ती चिमटून फाटते. मागचे शॉकअप नवे टाक, कारण स्प्रिंग कडक झाली आणि शॉकअप जुना राहिला की गाडी उड्या मारते. आणि हवा इतकीच भर की गाडी जवळपास मूळ उंचीला येईल. जाहिरातीतल्या फोटोसारखी ताठ नको.

हा क्रम उलटा केला, पिशव्या आधी आणि बाकीचं "बघू नंतर", तर ते नंतर कधीच येत नाही. गाडी सरळ दिसते ना, मग ब्रेकला पैसे कोण घालणार? पिशव्यांचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. त्या स्वस्त आहेत आणि त्या लावल्यावर मन शांत होतं.

जुन्या गाडीवर प्रेम करणारे लोक मला आवडतात. कारखान्यातून निघून ५० वर्षांहून जास्त काळ झालेली वस्तू चालती ठेवणं ही एक अमानत सांभाळण्यासारखीच गोष्ट आहे. पण अमानत सांभाळायची तर तिची कुवत ओळखावी लागते. आपल्या घरातल्या सत्तर वर्षांच्या बुजुर्गाला कमरेचा पट्टा बांधून कुणी गोणी उचलायला लावत नाही. पट्ट्याने ते ताठ उभे राहतील. म्हणून गोणी हलकी झाली का?

भाच्याने अजून उत्तर दिलेलं नाही. निळी खूण मात्र दिसते, म्हणजे वाचतोय. त्याला नानांचं रक्त असल्याचा अभिमान आहे, तर नानांची पूर्ण गोष्ट त्याला ठाऊक असायला हवी. गाड्या उचलणारे अब्बा सगळ्यांना आठवतात. शेवटची कितीतरी वर्षं "नहीं भाई, और नहीं बढाता" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारे अब्बा कुणाला आठवत नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बेटा, पहिलं काट्यावर जा. आलेला कागद ग्रुपवर टाक. मग माशाअल्लाह मीही लिहीन.